कळशीचं पॅकिंग

गूळ करपला की मी भाईर रस्त्याकडं बघते. माज्या सुना हसत्यात मला. चुलीवर पाक लागून वास सुटला की एकमेकींना कोपर मारत्यात, "आली बघ म्हातारीची मोटार." हसा बायांनो, हसा! तुमाला काय ठावं, त्या वासानं माजा जीव कसा टांगनीला लावला व्हता.

मी राही. माहेर वाळव्याकडचं, वडलांचं उसाचं रान आन् सवताचं गुऱ्हाळ. सासर मलकापूरच्या अलीकडं, कोयनंच्या काठाला. लगीन झालं मोठी लढाई सरल्यावर. नवऱ्याचं नाव मानसिंग. आता म्हातारपनी घेते नाव, तवा जीभ चावली असती. बर्माच्या रानात फौजेच्या लाऱ्या चालवून आलेला गडी, रंगानं काळा, बोलायला कमी आन् हट्टाला जास्त. त्यांचं थोरलं भाऊ, म्हंजे माजं थोरलं दीर हंबीरराव, तेबी फौजेत व्हतं. ते इटलीला ग्येलं आन् तितंच ऱ्हायलं. मी त्यांना कवा बघितलं न्हाई. घरात फोटूबी नव्हता एखादा. तार आली, तीबी उंदरांनी खाल्ली. मागं ऱ्हायली ती येक तांब्याची कळशी.

दिरांनी पयल्या सुट्टीला आल्यावर आयला संगं नेऊन, पगाराच्या पैशानं साताऱ्याच्या बाजारातनं ती आयसाठी आनली व्हती. जाड, वजनदार, उचलताना कमरंत कळ यायची. तांबटानं इचारलं, नाव कुनाचं घालू? दीर म्हनलं, आयचं घाल. तर माजी सासू, शालूबाई, आमी आत्याबाई म्हनायचो, त्या म्हनल्या, "माजं कशाला? मी हाय की हितं. तू लांब असतोस, तुजं घाल." मंग तांबटानं ठोकून ठोकून टिंबाटिंबाचं नाव काढलं, हंबीरराव. आत्याबाईंना वाचायला येत नव्हतं, पन रोज राखंनं घासताना बोटं त्या टिंबांवर आली की हात हळू व्हायचा. मला त्या कळशीला हात लावायची सोय नव्हती. मी आपली मातीची घागर डोईवर घिऊन नदीला जायची आन् कळशी त्यांच्या कमरंवर. येकदा मी घासाया घेतली तर असा डोळा वटारला की मी राखंचा हात झटकून उठलेच. मनात म्हनलं, ठेवा तुमचं सोनं तुमच्यापाशी.

तर मोटार. लढाई सरल्यावर फौजेनं मोडीत काढलेल्या मोटारी लिलावात निघाल्या. दोगा भावांचं फौजेतलं पैसं येकत्र घालून आमच्या मालकांनी त्यातली येक घेतली आन् भाड्यानं फिरवाया लागले. सांगलीचा बाजार, साताऱ्याची कचेरी, कवा जतपतूर कुनाचं वऱ्हाड. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, तरी भागत व्हतं. मानूस घरात व्हता, सांजच्याला तोंड दिसत व्हतं. मला आनी काय पायजे व्हतं?

स्वातंत्र्य मिळाल्याच्या पुढच्या सालची गोष्ट. चैत सरता सरता मोटार फटफटाया लागली. आदी बारीक, मंग अशी की मोटार कऱ्हाडच्या पुलावर असली तरी आवाज ऐकून आमी हितं भाकरी तव्यावर टाकावी. चढाला लागली की दम खायची. जळका धूर आत शिरायचा, बसलेली मानसं पटक्याचा शेव नाकाला लावून खोकायची. हळूहळू लोकांनी दुसऱ्या मोटारी धरल्या.

सांगलीत टेसनाच्या वाटंवर रामगोंडाचं मोटार-दुरुस्तीचं दुकान व्हतं. जैन शेतकऱ्याचा पोरगा, नांगर सोडून पान्याच्या नादाला लागल्याला. मालकांचा दोस्त. मोठा थट्टेखोर, पन नेमाचा पक्का. दिवस बुडायच्या आत जेवनार म्हंजे जेवनार. गिऱ्हाईक बोंबलत बसू दे, रामगोंडा हात धुऊन घराकडं. त्यानं बानेट उघडून सांगितलं ते मालकांनी मला चुलीपुढं बसून समजावलं. इंजिनातला जळका धूर भाईर काढायला चार बोटांचा येक लोखंडी पंजा असतो, त्याला म्हनायचं मॅनिफोल्ड. इंजिन आन् ह्यो पंजा, ह्यांच्या मधी भोकाभोकांचं पातळ पॅकिंग असतं. ते जळून ग्येलं. आता धूर नळीतनं जायचा सोडून फटीतनं जातोय.

"मंग नवं घाला की," मी म्हनलं.

"मिळतंय कुठं! लढाईपास्नं सुटं सामानच न्हाई. मुंबईला सांगून महिना झाला."

पुठ्ठ्याचं घालून बघितलं, त्येबी कऱ्हाडच्या पुढं जळून ग्येलं. मोटार परसात उभी ऱ्हायली. कोंबड्या आत बसाया लागल्या, येकीनं तर मागच्या सीटवर अंडी घातली.

आन् त्यात ती दवंडी आली. काश्मीरात लढाई पेटल्याली, फौजेला जुनं ड्रायवर पायजेत, सोमवारी साताऱ्यात भरती. मालकांनी ऐकलं आन् जेवताना मान खाली घालून म्हनलं, "मोटार सुरू न्हाई झाली तर मी जातो. कोंबड्या राखत बसू का हितं?"

आत्याबाईंची भाकरी तव्यावर जळाली. म्हनल्या, "येक दिला. दुसरा द्यायची न्हाई मी."

"आय, पोटाला काय घालू तुमच्या?"

"माती घाल."

मला तर धड रडायचीबी चोरी. लगीन होऊन दोन सालं न्हाई झाली, आन् मानूस निघाला परत बंदुकांच्या तोंडाशी. आत्याबाई मला कवातरी म्हनल्या व्हत्या, थोरला जाताना हसत ग्येला. धाकटाबी हसतच जानार, ह्ये मला दिसत व्हतं.

आता ऐका गुळाची गंमत. आप्पासो म्हनून आमचं चुलत सासरं व्हतं. पंचक्रोशीतल्या निम्म्या हिरी आन् हौद त्यांच्या हातचं. गवंडी मानूस, मिशीला चुना लागल्याला. ते मोटारीभोवती दोन चकरा मारून म्हनलं, "येवढंच व्हय? फट बुजवायची हाय न्हवं? चुना, बारीक वाळू आन् गूळ! माजी हीर कवा गळली सांग. पानी अडतंय, मंग धूर काय लागून ग्येलाय?"

खरं सांगते, सगळ्यांना पटलं. सगळा गाव मान हलवाया लागला. आमच्याकडं उसावर वाढल्याली मानसं, गुळानं काय हुईत न्हाई असं आमाला वाटतच न्हाई. बाळंतिनीला गूळ, बैलाला गूळ, भिंतीला गूळ. मालकांनी जरा डोकं खाजवलं, पन आप्पासोंपुढं बोलायची छाती न्हाई. मी माज्या माहेरची ढेप काढली, पिवळीधमक. आप्पासोंनी चुन्यात मळून लोण्यावानी केली आन् पत्र्याच्या येका तुकड्यावर दोन्ही अंगानं थापून मालकांनी ती पंज्याखाली आवळली. रातभर वाळू दिली. सकाळी मोटार चालू केली तर काय! गप! आप्पासोंनी मिशीवर हात फिरवला. मला तर नाचावंसं वाटलं.

बाजाराची मानसं बसली, मीबी बसले मागं, सांगलीला जायचं म्हनून नवं लुगडं नेसून. कऱ्हाड सोडलं, चांगली पळत व्हती. आन् मंग वास सुटला. आदी गोड, गुऱ्हाळावर पाक पिकताना येतो तसा. मी म्हनलं, आवं, किती छान वास! मोटार माज्या माहेरच्या शिवारात शिरली तवा तर वास असा दरवळला की रानातली मानसं खुरपी टाकून बांधावर आली. वैशाखात कुठलं आलंय गुऱ्हाळ! ऊस जाऊन महिना झाला व्हता. लालासाहेब म्हनून गुऱ्हाळाचं बडं मालक व्हतं, ते मधोमध रस्त्यात हात पसरून हुभं.

"थांब रं! कुनाच्या गुळाची काहील लागली?"

मालक म्हनलं, "कुनाची न्हाई."

"आरं, नाक हाय मला. पाक करपतोय." आन् हुंगत हुंगत ते आलं मोटारीच्या तोंडापाशी. वाकून बघितलं. मंग कमरंवर हात ठिऊन हुभं ऱ्हायलं आन् म्हनलं, "मानसिंग, गड्या, आत काय ढवळतोस रं?"

सगळं शिवार हसाया लागलं. मोटारीत बसल्याली मानसं हसाया लागली. कुटनं तरी गांधीलमाश्या आल्या. आन् त्याच टायमाला आतली चुन्याची खपली तडकली आन् असा आवाज झाला, फाट्! लालासाहेब मागच्या मागं बसलं, त्यांचं बैल छकडा घिऊन उसाच्या खोडव्यात घुसलं. बाया किंचाळल्या. मानसं उतरून चालत ग्येली. "गुळाची मोटार, गुळाची मोटार," असं वरडत पोरं कितीतरी लांब मागं पळत आली. मी हसले न्हाई. मालकांच्या मानंची शीर फुगलेली मागनं दिसत व्हती.

तशीच फटफटत सांगली गाठली. रामगोंडानं पंजा काढला, आत काळी चिक्की! छिन्नीनं खरवडता खरवडता त्याच्या डोळ्यांतनं पानी आलं हसून. "लेका, मोटार दुरुस्त करतोस का दिवाळी?" पन मालकांचं तोंड बघितलं आन् त्यानं छिन्नी खाली ठिवली. मंग म्हनला, "तांब्याचा जाड पत्रा असता तर मी हातानं कापून दिलं असतं पॅकिंग. तांबं आगीला दमत न्हाई. पन पत्रा बाजारात न्हाई. घरात जुनं भांडं असलं तर बघ, जाड पायजे मातर."

मालकांनी मोटार तशीच मागं फिरवली. घरी आले, माळ्यावरनं फौजेची ट्रंक काढली, बूट काढलं आन् तेल लावून घासत बसले. भरतीला येकच दिवस मधी व्हता.

मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, "कळशी हाय की घरात."

बूट खाली आपटला त्यांनी. "परत नाव काढलंस तर बघ. ती दादाची हाय!"

"दादाची हाय म्हनून तुमी काश्मीरला जा व्हय? तितनं माज्यासाटी काय येनार, तार?" मीबी वरडले. तोंडच तसलं माजं. भिंतीपल्याड आत्याबाई जोंधळं निवडत व्हत्या. सुपाचा आवाज थांबला.

सकाळी उठले तर आत्याबाई घरात न्हाईत. नदीवरनं आल्या, कमरंवर कळशी. रोज ते पानी देवाला आन् आमच्या माठात जायचं. त्या दिशी त्यांनी सगळं पानी तुळशीला घातलं. कळशी चिंचंनं घासली, लख्ख केली, पदरानं कोरडी केली. हळदीकुंकू लावलं. आन् मोटारीत पुढच्या सीटवर कोंबडी बसल्याली, तिला हाकलून सवता बसल्या, कळशी मांडीवर.

"चल सांगलीला," म्हनल्या.

"आय, उतर खाली," मालक म्हनलं. "न्हाई कापायची ती. दादाचं दुसरं काय हाय आपल्याजवळ?"

आत्याबाईंचा आवाज कवा चढत नसं, त्या दिशीबी न्हाई चढला. "मानसिंगा, रोज हिला घासते, रोज हिच्याशी बोलते. पन ही मला आय म्हनून हाक मारत न्हाई. तू मारतोस. चल."

मालकांनी मोटारीच्या दाराला डोकं टेकलं. मंग त्यांनी हांडेल मारलं. मीबी चढले मागं, कुनी नगं म्हनलं न्हाई. वाटंत तीच मानसं तीच थट्टा कराया बांधावर आली, पन पुढं म्हातारी कळशी घिऊन बसल्याली बघून गप ऱ्हायली. लालासाहेबांनी तर पटका काढला. त्यांना काय कळलं कुनास ठाऊक.

रामगोंडा कळशी हातात घिऊन फिरवत ऱ्हायला. नावावर आला आन् थांबला. बोलन्यात त्याच्या कानडी सूर, म्हाताऱ्या बाईला त्यो अव्वा म्हनायचा. "अव्वा, येवढा नावाचा तुकडा अलगद कापून देतो तुमाला. देवात ठेवा. बाकीच्यात भागवतो मी."

मला वाटलं, व्हय म्हनत्यात. आत्याबाईंनी मान हलवली.

"देवात ठिऊन काय करू? त्याला कामाला लाव. धडधाकट लेकाला बसवून ठिवायची रीत न्हाई आमच्याकडं."

मंग रामगोंडानं पत्र्याची कातर घेतली. बूड आन् गळा कापला, मधला भाग उकलून सपाट केला. मालकांनी पंज्याच्या तोंडाला काजळी फासली आन् तांब्यावर दाबली, भोकांचं ठसं उठलं. नाव कुठं येतंय ते रामगोंडा सारखं फिरवून बघत व्हता. शेवटी दोन भोकांच्या मधी जी रुंद पट्टी ऱ्हाते तितं त्यानं "हंबीर" बसवलं. "राव" मातर भोकात ग्येलं. आत्याबाईंना सांगितलं तर म्हनल्या, "जाऊ दे. मी कवा त्याला राव म्हनलंय?"

ठोकून ठोकून तांबं ताठर झालं व्हतं. त्ये मऊ पडावं म्हनून रामगोंडानं भट्टीत घातलं. लाल झालं, पार निखाऱ्यावानी. आत्याबाईंनी माजं मनगट धरलं. कळशीला कवा हात लावू न दिल्याली बाई, पन असं धरलं की बांगडी रुतली मला. दीर इटलीत कसं ग्येलं, गोळीनं का आगीनं, ते आमाला कुनी कवा सांगितलं नव्हतं. चिमट्यानं त्ये पॅकिंग रामगोंडानं पान्याच्या डोनीत सोडलं. चर्र झालं, वाफ उठली.

"पान्यात पडलं न्हवं?" आत्याबाईंनी इचारलं. "थंड झालं न्हवं रं?"

"झालं अव्वा. गार झालं."

मंग त्या रडल्या. तार आली तवा रडल्या नव्हत्या म्हनं, लोकं नावं ठेवायची. तितं, दुकानात, तेलकट जमिनीवर बसून पोटभर रडल्या. मालक पाना हातात धरून हुभंच ऱ्हायलं. मी आत्याबाईंचं डोकं पोटाशी धरलं आन् मीबी रडून घेतलं.

नटं आवळता आवळता दिवस कलला. मधनं सुरू करून कडंला जायचं, येकदम आवळायचं न्हाई, थोडं हितं थोडं तितं. रामगोंडाच्या घरनं जेवायला बोलावनं आलं, परत आलं. त्यानं हातातलं काम सोडलं न्हाई. दिवस बुडाला. म्हंजे त्यो आता सकाळपतूर उपाशी. मालक म्हनलं, "रामगोंडा, तुजा नेम..." तर त्यो म्हनला, "नेम न जेवायचा हाय लेका, काम न करायचा न्हाई. मार हांडेल."

मालकांनी हांडेल मारलं. इंजिन लागलं. फट न्हाई, फाट न्हाई, नुसती घुर्र. आमी सगळी कान दिऊन ऐकत ऱ्हायलो. मालकांनी फुडं जाऊन पंज्यापाशी हात धरला, धूर लागतोय का बघितलं. हात तसाच ऱ्हायला, आन् हळूच म्हनलं, "दादा."

सोमवार आला आन् ग्येला. बूट परत ट्रंकंत ग्येलं. पुढं मुंबईहून कारखान्याचं पॅकिंग आलं, मालकांनी त्ये खोक्यातनं भाईर काढलंच न्हाई.

येकच अडचण झाली. मोटार आता गप यायची, त्यामुळं घरात कळायचं न्हाई. भाकरी गार व्हायला लागल्या, मी कुरकुर करायची. आत्याबाई मातर तिनीसांजंला उंबऱ्यात बसायच्या. मोटार अंगनात हुभी ऱ्हायली की उठून जायच्या, गरम बानेटावर हात ठेवायच्या आन् इचारायच्या, "हंबीर, आनलंस रं धाकट्याला?" त्यांनी इचारल्याबिगर मालक कवा खाली उतरले न्हाईत. पाव्हनं असू दे, भांडन झाल्यालं असू दे, आत बसून ऱ्हायचे.

लय सालं चालली ती मोटार. मंग येष्ट्या झाल्या, रस्तं झालं, आन् येके दिशी मोडीवाला दारात आला. मालकांनी सवता पाना घिऊन पंजा सोडवला आन् पॅकिंग काढून मला दिलं. काळं ठिक्कर पडलं व्हतं. मी चिंच लावून घासलं. आत्याबाईंना तवा दिसत नव्हतं, खाटंवरच असायच्या. मी त्येंच्या हातात दिलं. बोटं फिरली, भोकं लागली, मंग टिंबं लागली आन् हात हळू झाला.

"रोज आनलंस की रं," म्हनल्या. मंग मला म्हनल्या, "राहे, देवात ठिव ह्याला. लय काम केलं त्यानं. आता बसू दे."